नाव आधी की आडनाव?

आज एका अगदी लहान वस्तूबद्दल बोलायचं आहे. साडेतीन इंच लांब, दोन इंच रुंद. वजन म्हणाल तर फुंकर मारली की उडून जाईल इतकं. तिला आपण व्हिजिटिंग कार्ड म्हणतो. तुमच्या घरातही ड्रॉवरमध्ये, जुन्या पाकिटात किंवा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात रबरबँड लावलेला तिचा एक गठ्ठा असणारच. त्यातली निम्मी माणसं कोण, कुठे भेटली, हे आता आठवत नसतं. तरीही तो गठ्ठा फेकवत नाही. कागद फेकता येतो, पण कुणाचं नाव कचऱ्यात टाकताना हात थोडा अडखळतोच.

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. पुढे मी कवितेच्या वाटेला लागलो, पण लहान वस्तूंमागचा मोठा इतिहास शोधण्याची खोड गेली नाही. या कार्डाच्या मागे लागल्यावर लक्षात आलं की त्याचा इतिहास दुहेरी आहे. आपलं नाव दुसऱ्याच्या हातात ठेवण्याचा एक, आणि दुसऱ्यांची नावं आपल्याकडे रचून ठेवण्याचा दुसरा. पहिल्यात शिष्टाचार आहे, मोठेपणा आहे. दुसऱ्यात एक जुना आणि अवघड प्रश्न आहे : भेटलेली माणसं लक्षात कशी ठेवायची?

आधी कार्ड देणाऱ्यांची गोष्ट. लंडनमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात दुकानदार छापील कागद वाटत. त्यांना ‘ट्रेड कार्ड’ म्हणत. तेव्हा बराच काळ घरांना आणि दुकानांना क्रमांक नव्हते. दुकानाची खूण म्हणजे बाहेर टांगलेली पाटी. कुणाची सोनेरी सिंहाची, कुणाची तीन मुकुटांची. तेच चित्र कार्डावर छापलेलं असे आणि खाली ‘अमुक खुणेच्या दुकानात, तमुक चर्चजवळ’ असा पत्ता. आपल्याकडे आजही ‘एस.टी. स्टँडसमोर, मारुतीच्या देवळाजवळ’ असं लिहितात, त्यातलाच हा प्रकार. सारा सोफिया बँक्स नावाच्या बाईंनी अशी ट्रेड कार्डं आणि भेटकार्डं आयुष्यभर जमवली. प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांची ही बहीण. भाऊ जगभरच्या वनस्पती गोळा करत होता आणि बहीण लोक फेकून देतात ते कागद. १८१८ साली त्या वारल्या. त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला आणि आज अभ्यासकांना त्यातून त्या काळचा व्यापार, कारागिरी आणि शहर दिसतं. फेकण्याच्या लायकीचा कागद आणि इतिहासाचं साधन यांत पुष्कळदा फरक असतो तो फक्त कुणीतरी जपून ठेवल्याचा.

दुसरीकडे फ्रान्समध्ये आणि मग सगळ्या युरोपात प्रतिष्ठितांचं भेटकार्ड रूढ झालं. त्याचे नियम ऐकले तर हसू येतं. स्वतः येऊन कार्ड दिलं असेल तर त्याचा एक कोपरा दुमडायचा. गाव सोडून चालला असाल तर खाली निरोपाची तीन आद्याक्षरं लिहायची. दुखवट्याला दोन वेगळी. म्हणजे एक शब्दही न बोलता येणं, जाणं, आनंद, दुःख सगळं कळवायची सोय.

हाच शिष्टाचार इंग्रज साहेबांबरोबर आपल्याकडे आला. छावणीत नवा अधिकारी आला की त्याने आधी इतरांच्या बंगल्यांवर जाऊन कार्ड टाकायचं. पुष्कळ बंगल्यांच्या फाटकावर एक छोटी पेटी असे आणि तिच्यावर लिहिलेलं असे, ‘मेमसाहेब घरी नाहीत’. मेमसाहेब आत असत, हे सगळ्यांना ठाऊक असे. तरी पाहुण्याने पेटीत कार्ड टाकून निघून जायचं आणि मग बोलावणं येण्याची वाट पाहायची. आपल्या मराठी घरात ‘या, बसा, पाणी घ्या’ अशी सुरुवात. तिथे सुरुवातच ‘घरी नाही’ने. त्या पेटीने कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, याची सभ्य व्यवस्था केली होती. कार्ड हे नेहमीच दार उघडण्यासाठी नसतं, कधी ते दार बंद ठेवण्यासाठीही असतं.

१८५४ साली पॅरिसमध्ये आंद्रे दिस्देरी या छायाचित्रकाराने भेटकार्डाच्या आकाराचे फोटो काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. एका काचेवर अनेक छोटी छायाचित्रं घ्यायची आणि ती कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची. त्यामुळे फोटो स्वस्त झाला. ही लाट मुंबईलाही आली आणि हरिचंद चिंतामण यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी त्या आकाराचे फोटो काढले. माणसं एकमेकांचे फोटो जमवू लागली, त्यांचे आल्बम दिवाणखान्यात ठेवू लागली. कुणाचा फोटो आपल्या आल्बममध्ये आहे, यावर घराची पत ठरू लागली. आज फोनमध्ये किती नंबर आहेत हे सांगणारे भेटतात तेव्हा मला ते आल्बम आठवतात.

आता दुसरी गोष्ट, रचून ठेवण्याची. वहीत नावं लिहिली की एक अडचण येते. नवं नाव मध्ये घुसवता येत नाही. या अडचणीवरचा उपाय म्हणजे सुटे कागद. स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी आपलं आयुष्य वनस्पतींना आणि प्राण्यांना नावं देण्यात घालवलं. नव्या नोंदी इतक्या येत की वही पुरेना. तेव्हा उतारवयात, १७६०च्या दशकात, त्यांनी एकाच मापाचे कागदाचे तुकडे वापरायला सुरुवात केली. साधारण पाच इंच लांब आणि तीन इंच रुंद. एका तुकड्यावर एक नोंद. हवी तिथे घाला, हवी तेव्हा काढा.

मग १७९१ साल उजाडलं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारने चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली होती. तिच्यात लाखो पुस्तकं होती. त्यांची यादी करायची तर कागद कुठून आणणार? त्यावर उपाय निघाला पत्त्यांचा. त्या काळच्या पत्त्यांची मागची बाजू कोरी असे. तेव्हा सूचना गेली की प्रत्येक पुस्तकाची नोंद एका पत्त्यावर करा, लेखकाच्या आडनावाखाली रेघ मारा, त्या रेघेप्रमाणे अक्षरक्रमाने पत्ते लावा आणि कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवा. राजा-राणीच्या पाठीवर लेखकांची नावं! क्रांतीत असं काव्यही घडतं.

पण त्या सूचनेतली एक छोटी गोष्ट पाहा. आडनावाखाली रेघ. माणूस शोधायचा तो आडनावावरून. पुढे १८७६ साली अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी ग्रंथालयशास्त्राला शिस्त लावली, त्यांच्या कंपनीने कार्डांची आणि ड्रॉवरची मापं ठरवून दिली आणि ही पद्धत जगभर गेली. आपल्या मराठी ग्रंथालयांतही ती आली. म्हणून सूचीत आपण ‘टिळक, बाळ गंगाधर’ असं वाचतो. बाळ गंगाधर टिळक असं हाक मारताना कुणी उलटं म्हणत नाही, पण सूचीत माणूस उलटाच उभा असतो.

कचेरीच्या टेबलावर हीच कल्पना गोल फिरू लागली ती अरनॉल्ड न्यूस्टॅटर यांच्यामुळे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला हा माणूस. न सांडणारी दौत, बरोबर अक्षरावर उघडणारी टेलिफोनची वही, अशा वस्तू तो बनवी. हिल्डाऊर नीलसन या अभियंत्याबरोबर त्याने १९५६ साली एका चाकाला कार्डं लावली. बाजूची मूठ फिरवली की हवं ते नाव समोर. ‘रोलिंग’ आणि ‘इंडेक्स’ जोडून नाव ठेवलं रोलोडेक्स. १९५८पासून ती वस्तू बाजारात आली आणि अमेरिकेतल्या पत्रकारांच्या, वकिलांच्या, विक्रेत्यांच्या टेबलावरचा खजिना झाली. नोकरी बदलणारा माणूस आधी आपली रोलोडेक्स उचले, असं म्हणत. माणसाची किंमत त्याच्या ओळखींत मोजण्याची ही सवय तेव्हापासून पक्की झाली.

आता यंत्राकडे वळू. माणसाने लिहिलेलं यंत्राने वाचावं ही इच्छा संगणकापेक्षा जुनी आहे. १९२९ साली गुस्टाव टाउशेक यांनी जर्मनीत वाचणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. १९५१ साली अमेरिकेत डेव्हिड शेपर्ड यांनी टंकलिखित अक्षरं ओळखणारं यंत्र तयार केलं. त्याचं लाडकं नाव ‘गिझ्मो’. त्यांच्या यंत्राचं पहिलं व्यापारी गिऱ्हाईक होतं रीडर्स डायजेस्ट मासिक. १९५७ साली रसेल कर्श यांनी एक फोटो संगणकात उतरवला. तो होता त्यांच्या तीन महिन्यांच्या बाळाचा, वॉल्डनचा. आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके, बस्स. कागदावरची प्रतिमा स्कॅन करून संगणकात नेण्याची ही सुरुवात. जगातली पहिली स्कॅन केलेली प्रतिमा एका बापाने केलेली आपल्या लेकराची आहे, हे मला फार आवडतं.

आणि मग रे कर्झवाइल. १३ जानेवारी १९७६ रोजी त्यांनी अंधांसाठी वाचणारं यंत्र जगासमोर आणलं. त्याआधीची यंत्रं ठरावीक वळणाचीच अक्षरं ओळखत. कर्झवाइल यांचं यंत्र निरनिराळ्या छपाईची अक्षरं वाचून मोठ्याने बोलून दाखवी. सुप्रसिद्ध अंध गायक स्टीव्ही वंडर हे त्याचं एक पहिलं गिऱ्हाईक. आज आपण फोनने कार्डाचा फोटो काढतो आणि नाव, नंबर आपोआप उतरतात, त्या सोयीचं एक मूळ अंधांच्या वाचनात आहे. ही गोष्ट आपण विसरू नये.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातल्या कोरेक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने ‘कार्डस्कॅन’ नावाचं छोटं यंत्र आणलं. टेबलावर मावणारं. एका बाजूने कार्ड सरकवायचं, दुसऱ्या बाजूने ते बाहेर येतं. आतला दिवा उजेड पाडतो, प्रकाश टिपणारी पट्टी ओळीमागून ओळ टिपते, आणि मग खरी परीक्षा सुरू होते. अक्षरं ओळखणं हा सोपा भाग. ‘यातलं नाव कुठलं, हुद्दा कुठला, कंपनी कुठली, पत्ता कुठला’ हे ठरवणं अवघड. पुष्कळसे आकडे ओळीने आले की फोन. अमुक चिन्ह मध्ये आलं की ई-मेल. ‘लिमिटेड’ दिसलं की कंपनी. ‘मॅनेजर’ दिसलं की हुद्दा. आणि जे ओळखीच्या नावांसारखं दिसेल ते नाव. २००६ साली ही कार्डस्कॅन कंपनी न्यूएल रबरमेड या उद्योगसमूहाने विकत घेतली. गंमत अशी की रोलोडेक्सही आधीच त्याच समूहाकडे होती. सासू आणि सून एकाच घरात नांदायला आल्या म्हणायच्या! पुढे मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्या सुनेलाही घराबाहेर काढलं.

असं एक यंत्र काही काळ माझ्या घरात होतं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण दोष त्या एका यंत्राचा नव्हता. आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी निमंत्रितांची यादी करायची होती. माझा भाचा म्हणाला, “मामू, एवढे हाताने कशाला लिहिता? माझ्या ऑफिसातलं जुनं यंत्र आणतो.” दोन रात्री बसून त्याने माझ्या डब्यातली कार्डं एकेक करून त्या यंत्राला चारली. मी शेजारी चहा घेत बघत होतो. पडद्यावर नावं उमटत होती आणि माझी करमणूक होत होती. ‘सौ.’ हे त्याने नाव धरलं. आमच्या तालुक्यातल्या पंधरा-वीस भगिनी एका रात्रीत ‘सौ’ झाल्या. ‘बी.ए., बी.एड.’ हे एका मास्तरांचं आडनाव झालं. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ यांचा अर्थ बिचाऱ्याला कळेना. इंग्रजीत छापलेलं ‘ॲट पोस्ट’ त्याने पोस्टखात्याची कचेरी समजून कंपनीच्या रकान्यात टाकलं.

मग आमच्या लोकांची नावं आली आणि मी चहा बाजूला ठेवला. अब्दुल रहमान हे नाव घ्या. यंत्राने त्याचे दोन तुकडे केले. अब्दुल हे नाव, रहमान हे आडनाव. अरबीत ‘अब्द’ म्हणजे सेवक, आणि ‘रहमान’ म्हणजे दयाळू परमेश्वर. दोन्ही मिळून एकच नाव : दयाळूचा सेवक. तोडलंत की एका रकान्यात उरतो ‘च्याचा सेवक’, आणि कुणाचा ते दुसऱ्या रकान्यात. अर्थात हे केवळ यंत्रच करतं असं नाही. शाळेच्या पटावर, रेशनकार्डावर, बँकेत हे रोज घडतं. यंत्राने फक्त ते झरझर केलं.

‘शेख’ची गोष्ट तर आणखी मजेची. आपल्या मराठीतले दोन थोर शेख पाहा. सतराव्या शतकातले श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, ‘योगसंग्राम’कार. आणि विसाव्या शतकातले शाहीर अमर शेख. एकाचा शेख पुढे, दुसऱ्याचा मागे. यंत्र पहिल्यांना ‘म’मध्ये टाकणार, दुसऱ्यांना ‘श’मध्ये. पण अमर शेख यांचं मूळ नाव होतं महबूब हुसेन पटेल, जन्म १९१६चा, बार्शीचा. म्हणजे त्यांना शोधायचं कुठे? श, म, की प? आणि पटेल म्हणजे गुजरातीच असणार, असं समजणाऱ्याला ते सापडतील का? आमच्यात इनामदार आहेत, मुलाणी आहेत, तांबोळी आहेत, कोकणात गावावरून पडलेली ‘कर’ शेवटाची आडनावं आहेत. यांतलं एकेक नाव गाव सांगतं, वतन सांगतं, धंदा सांगतं. यंत्राला एवढंच हवं असतं : पहिलं नाव, शेवटचं नाव. माणूस या दोन खणांत मावत नसेल तर त्याने आपली उरलेली मुळं बाहेर ठेवून आत यावं.

मग मनात आलं, आडनावाखाली रेघ मारण्याआधी लोक नावं कशी लावत होते? इतिहासाच्या विद्यार्थ्याला उत्तर मिळतंच. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये इब्न खल्लिकान नावाचे काझी होऊन गेले. जन्म १२११, मृत्यू १२८२. त्यांनी आठशेहून अधिक नामवंतांची चरित्रं लिहिली : कवी, विद्वान, वजीर, वैद्य. ती त्यांनी लावली अक्षरक्रमानेच, पण माणसाच्या स्वतःच्या नावाने. आडनावाने नाही, घराण्याने नाही. जुन्या अरबी पद्धतीत माणसाचं नाव म्हणजे एक लहानसं चरित्रच असे. अमक्याचा बाप, मग स्वतःचं नाव, मग तमक्याचा मुलगा, मग गाव, मग धंदा किंवा पदवी. त्यातलं नेमकं स्वतःचं नाव निवडून त्यावर ग्रंथ लावणं सोपं नव्हतं. शिवाय अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. म्हणून हे काझीसाहेब जिथे शंका येईल तिथे नाव कसं उच्चारायचं तेही अक्षर अक्षर फोडून सांगतात. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं नाव कुणी चुकीचं घेऊ नये, याची ही काळजी. मला वाटतं, संपर्कांची यादी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा धडा घ्यावा.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. तिथे तुम्ही कोण, याआधी तुमचं गाव कुठलं, हे विचारतात. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं की वही निघते आणि त्यात तुमच्या पणजोबांची नोंद, कधी त्यांच्याच हातची सही. तिथे रचना आहे ती गावाची आणि घराण्याची. म्हणजे एकाने माणूस लावला नावाने, दुसऱ्याने गावाने, तिसऱ्याने आडनावाने. प्रत्येक रचना माणसाबद्दल काहीतरी म्हणते. ‘तू कोण?’ या प्रश्नाचं उत्तर कुठून सुरू करायचं, हे ती रचना ठरवते. म्हणून ही केवळ सोयीची बाब नाही.

देवनागरीचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्या डब्यात मराठीत छापलेली कार्डं बरीच होती. जुनी ट्रेडल मशीनवरची, एकेक खिळा जुळवून छापलेली. बोट फिरवलं तर अक्षरं कागदात रुतलेली जाणवतात. त्या यंत्रापुढे ती कार्डं म्हणजे नुसती नक्षी होती. पण आपल्या लिपीवर आपल्याकडे काम झालं आहे. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांनी १९७०च्या दशकात देवनागरी ओळखण्यावर काम केलं. १९९०च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी बंगाली आणि देवनागरीसाठी वाचनपद्धत उभी केली. अडचण कुठे होती? इंग्रजीची छापील अक्षरं सुटी सुटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून हातात हात घालून उभी असतात. यंत्राला एकेक अक्षर वेगळं हवं. म्हणून ते आधी शिरोरेषा शोधतं आणि ती पुसून टाकतं. मग अक्षरं सुटी होतात, मग वरच्या मात्रा, वेलांट्या आणि खालचे उकार वेगळे ओळखायचे, मग जोडाक्षरांशी झुंज. वाचण्यासाठी आधी रेघ पुसायची आणि वाचून झालं की ती पुन्हा जोडायची. आज फोनसुद्धा छापील मराठी बऱ्यापैकी वाचतो. ही मजल मारायला कित्येकांची आयुष्यं लागली.

तरी एक गोष्ट आमच्या यंत्राने वाचली नाही. कार्डाची मागची बाजू. भाच्याने समोरची बाजू सरकवली आणि कार्डं खाली ठेवली. मी ती उचलून पाहू लागलो. मागे माझ्याच अक्षरात काय काय लिहिलेलं! ‘परतीच्या गाडीत जागा दिली.’ ‘यांच्या आईंना गझल आवडते.’ ‘दुसऱ्या कडव्यावर शंका काढली, बरोबर होती.’ एका कार्डावर नुसतं ‘पाऊस’. त्या एका शब्दाने मला पूर्ण संध्याकाळ आठवली : मंडप उडालेला, वीज गेलेली आणि कंदिलाच्या उजेडात चाललेलं कविसंमेलन. नाव, हुद्दा, फोन, पत्ता या खणांत ‘पाऊस’ कुठे टाकणार?

आणि त्यातली काही माणसं आता नाहीत. भाचा म्हणाला, “मामू, हे तर गेले ना? मग यांचं काढून टाकू?” व्यवहाराच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. निमंत्रण कुणाला पाठवणार? पण मला इब्न खल्लिकान आठवले. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘वफयात’ म्हणजे मृत्यू हा शब्द आहे. ज्यांच्या मृत्यूचा काळ कळला, अशीच माणसं त्यांनी प्रामुख्याने घेतली. आपली यादी माणूस गेला की त्याला काढते, त्यांची यादी माणूस गेल्यावर त्याला आत घेत होती. मी भाच्याला म्हटलं, “त्यांची एक वेगळी यादी कर. फोन नंबर राहू दे.” तो काही बोलला नाही, पण त्याने केली.

शेवटी एक काळजीची गोष्ट सांगितली पाहिजे. डब्यातलं कार्ड डब्यात राहतं. फोनने टिपलेलं कार्ड कुठे जातं, हे आपल्याला दिसत नाही. अमेरिकेत ‘कार्डमंच’ नावाचं एक ॲप निघालं होतं. आपण कार्डाचा फोटो काढायचा आणि थोड्या वेळात अचूक माहिती हजर. लोकांना वाटे, काय हुशार यंत्र आहे! प्रत्यक्षात ते फोटो इंटरनेटवरून तुकड्यावर काम करणाऱ्या माणसांकडे जात आणि ती माणसं वाचून टाइप करत. २०११ साली लिंक्डइनने ते ॲप विकत घेतलं आणि २०१४ साली बंद केलं. शांघायच्या एका कंपनीचं ‘कॅमकार्ड’ आपल्याकडे बरंच वापरात होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने ४३ ॲपवर बंदी घातली, त्यांत तेही होतं. म्हणजे ज्यांनी आपली सगळी ओळखदेख त्या एका पेटीत ठेवली होती त्यांच्या दारावर पुन्हा ‘घरी नाहीत’ची पाटी लागली. २०२३ साली आपल्या संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण घरगुती, वैयक्तिक कामासाठी एखाद्याने ठेवलेल्या माहितीला तो लागू होत नाही. तिथे कायदा नाही, तिथे फक्त आपली सभ्यता आहे. कुणी मला कार्ड दिलं ते माझ्यावर विश्वासून दिलं. ते मी कुणाच्या यंत्रात टाकतो, याचा विचार मलाच केला पाहिजे.

यंत्र वापरू नका, असं मी म्हणणार नाही. आमच्या वाचनालयाची निमंत्रणं त्या यादीमुळेच वेळेवर गेली. भाच्याने ‘सौ’ झालेल्या भगिनींना त्यांची नावं परत दिली, मास्तरांचं आडनाव त्यांना परत केलं. त्या यादीत आम्ही दोघांनी मिळून दोन खण वाढवले. एक, ‘हाक कशी मारायची?’ आणि दुसरा, ‘कुठे भेटले?’ पहिला खण भरण्यासाठी कितीतरी जणांना फोन करावे लागले. “तुमचं नाव नेमकं कसं लिहू?” असं विचारलं की पलीकडचा माणूस क्षणभर थांबे आणि मग मोकळेपणाने बोलू लागे. एका वृद्ध गृहस्थांनी तर अर्धा तास आपल्या नावाची कहाणी सांगितली, आजोबांपासून. म्हणाले, “आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)